देशाची आज्ञा आणि मार्गाचा प्रसार

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या श्रीचरणी दंडवत घालून प्रस्तुत लेखात आचार प्रकरणातील एका आज्ञेचा विचार करावयाचा आहे. साधकाने महाराष्ट्रात असावे, कानड व तेलंग देशांस जाऊ नये, अशी ती आज्ञा होय. पाठ म्हणताना ती सोपी वाटते, पण आपल्या मार्गाचा इतिहास तिच्याशेजारी ठेवला म्हणजे शंका उभी राहते. ज्या मार्गास महाराष्ट्रात असण्याची आज्ञा, तोच मार्ग पुढे पंजाबात गेला, पेशावरास गेला आणि काबूलपर्यंत पोचला. तेव्हा हा प्रसार आज्ञेस धरून झाला की आज्ञा ओलांडून झाला, याचा निर्णय झाला पाहिजे.

शंकेचा प्रसंग

कोकणपट्टीत आपल्या उपदेशी मंडळींची वस्ती विरळ आहे. गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकास रायगड जिल्ह्यातील मुरुड येथे काही दिवस मुक्काम घडला. यजमानांचे घर मूळ विदर्भातले, नोकरीच्या निमित्ताने दोन पिढ्यांपूर्वी समुद्रकाठी येऊन राहिलेले. घरातील वृद्ध बाईंना लीळाचरित्राचा बराच भाग मुखोद्गत आहे. त्यांचा मुलगा आखाती देशात नोकरीस आहे. नातवंडे तेथेच वाढली. त्यांना मराठी कळते, पण वाचता येत नाही.

सायंकाळचे निरूपण आटोपल्यावर बाई म्हणाल्या, “बाबा, एक विचारू का? स्वामींनी महाराष्ट्रात असावे म्हटले. माझा मुलगा तर समुद्रापलीकडे. त्याचे स्मरण स्वामींपर्यंत पोचते ना? आणि तो म्हणतो, आई, आता मी इकडे मोठा हॉल घेऊन आपल्या मार्गाचा प्रचार करणार, इंग्रजीतून. मला आनंद व्हावा की भीती वाटावी, तेच कळत नाही. माझ्यामागे ही पोथी कोण उघडील, एवढीच मला चिंता आहे.”

या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. दूरदेशी राहणाऱ्याचा आचार घडतो काय? मार्गाचा प्रसार करावा काय, आणि केला तर कसा? शास्त्राच्या भाषेचे काय करावे? या तिन्हींची उत्तरे क्रमाने पाहू.

आज्ञेचा हेतू

कोणत्याही आज्ञेचा अर्थ तिच्या हेतूसह घ्यावा लागतो. कानड व तेलंग देशांस न जाण्याची आज्ञा देताना स्वामींनी त्या देशांतील लोकांची निंदा केलेली नाही. सांगितलेली कारणे दोन आहेत. तेथे विषयांची विपुलता आहे, हे पहिले; आणि तेथे विरक्त वेषास मान मिळतो, हे दुसरे. पहिले कारण कोणासही पटते. दुसरे मात्र विचार करावयास लावणारे आहे. लोक साधूला मान देतात, हा तर त्या देशाचा गुण म्हणावा! पण स्वामींच्या दृष्टीने साधकास तोच अपाय आहे. भूक साधकास एका दिवसापुरती खचविते. मान मात्र त्यास कळू न देता आतून पोखरतो.

याच्याच जोडीला दुसरी आज्ञा आठवावी. साधकाने आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, प्रदेशाच्या टोकाला, झाडाच्या आश्रयाने कालक्रमणा करावी, असे आचार प्रकरण सांगते. ओळख, आदर, सोय आणि संचय यांपासून साधकाला दूर ठेवणे हा दोन्ही आज्ञांचा समान अभिप्राय होय. महाराष्ट्रात असण्याचे विधायक कारणही आहे. स्वामींच्या चरणांनी अंकित झालेली स्थाने येथे आहेत, आणि स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चार पूज्यांची जोड साधकास येथे सहज लाभते.

म्हणून या आज्ञेतून अंतर मोजण्याची काठी काढू नये. ती साधकाच्या वृत्तीची कसोटी आहे. महाराष्ट्रातच राहून जो मानाच्या मागे लागला, तो आज्ञेच्या अक्षरात राहिला तरी हेतूच्या बाहेर गेला. प्रसाराचा विचार करतानाही हीच कसोटी हाती धरावी लागेल.

पंचकृष्णांची स्थाने

येथे कोणी म्हणेल, की हा अर्थ सोयीसाठी काढलेला आहे. त्याने पंचकृष्णांची स्थाने डोळ्यांसमोर आणावीत. श्रीकृष्ण मथुरेचे व द्वारकेचे. श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान माहूर. श्रीचक्रपाणिप्रभूंचा अवतार फलटणचा, पण त्यांचे कार्य द्वारकेस झाले. श्रीगोविंदप्रभू रिद्धपूरचे. आमचे स्वामी भडोचहून आले, रामयात्रेच्या निमित्ताने निघाले, रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीस पोचले, आणि गुर्जर देशी जन्म असून निरूपण मात्र मराठीत करते झाले. शेवटी त्यांनी उत्तरापंथे गमन केले. एका प्रांताच्या कुंपणात न मावणारी ही परंपरा आहे.

यांत श्रीचक्रपाणिप्रभूंची लीळा प्रसाराच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. द्वारकेस त्यांनी मठ बांधला नाही की सभा भरविली नाही. हाती खराटा व सूप घेऊन ते रस्ते झाडीत, केर सुपात भरीत, आणि तेथेच अनेकांना विद्यादान करीत. परमेश्वरावताराने परमुलखात विद्या दिली ती रस्ता झाडता झाडता. परप्रांती मार्ग नेणाऱ्याने काय धारण करावे, याचा याहून स्पष्ट दृष्टांत मिळणे कठीण.

कुड्याच्या लेण्यांची साक्ष

एखादे दर्शन देशोदेशी पसरते तेव्हा काय घडते, याची एक प्राचीन साक्ष मुरुडच्या परिसरातच आहे. मुरुडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी आहे. तिच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. त्याच खाडीने आत गेले असता मांदाडजवळ कुडे येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी दिसतात. त्यांची संख्या २६ मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी शिलालेखांत त्यांच्या दात्यांची नोंद आहे. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, ब्राह्मण उपासकाची भार्या आहे, संसार सोडलेली प्रव्रजिता आहे. ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले मंदगोर बंदर ते हेच मांदाड, असे कित्येक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या समुद्रमार्गाने माल जात होता, त्याच्याच काठावर भिक्षू पावसाळ्याचे वास्तव्य करीत होते. अशाच मार्गांनी बुद्धांचा उपदेश सिंहल, ब्रह्मदेश, चीन आणि जपानपर्यंत गेला.

आज कुड्याच्या लेण्यांत भिक्षू नाहीत. जो उपदेश अर्ध्या जगात गेला, त्याचा दिवा या काठावर अनेक शतके विझलेला होता. पण कथा तेथे संपत नाही. ब्रह्मदेशात गुरुशिष्यपरंपरेने जपलेली विपश्यना साधना सयाजी उ बा खिन यांच्यापासून श्री. सत्यनारायण गोएंका यांनी घेतली आणि १९६९ साली ती भारतात आणली. १९७६ पासून महाराष्ट्रातच इगतपुरी येथे तिचे केंद्र चालू आहे, आणि तेथून ती पुन्हा जगभर गेली. शिबिरासाठी शुल्क घ्यावयाचे नाही, हा त्यांचा नियम आहे.

बौद्ध दर्शन आणि आपले चतुःपदार्थांचे दर्शन यांत सिद्धांताचे मोठे अंतर आहे. ते येथे मिटवावयाचे नाही. दृष्टांत केवळ एका अंगापुरता घ्यावा. ज्या साधनेचे आचरण कोठेतरी एका ठिकाणी अखंड राहिले, ती परत येऊ शकली. नुसते कोरीव काम राहिले, त्या ठिकाणी दगड राहिला. प्रसाराची व्याप्ती किती, हा प्रश्न दुय्यम. आचरणाची परंपरा कोठे तुटली नाही, हा मुख्य.

पंजाब आणि काबूल

आता आपल्या घरची गोष्ट. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले, आणि पुढे त्यांनी मार्ग सांभाळला. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन त्या संकलित केल्या. लीळाचरित्राचा हा काळ शके १२०० च्या सुमाराचा, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपासचा मानतात. पुढे यवनसैन्याच्या धाडीत मूळ पोथी हरपली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या मुखातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. पोथी गेली, पण पाठ राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

पुढील शतकांत मार्ग उत्तरेस गेला. या संदर्भात परंपरेत कृष्णमुनींचे नाव घेतले जाते. पंजाबात हा मार्ग जयकृष्णी या नावाने ओळखला गेला. पंजाबी घरांतून पुरुष व स्त्रिया संन्यस्त झाल्या, देवळे व मठ उभे राहिले आणि सरहद्दीपलीकडे काबुलातही वासनिकांची घरे झाली. या प्रसारामागे राजसत्ता नव्हती, सैन्य नव्हते. अटन करीत, भिक्षेच्या झोळीवर निर्वाह करीत विरक्त माणसे तेथवर गेली.

या प्रसाराचे मोठे वैशिष्ट्य असे, की तेथील साधकांनी शास्त्र मराठीतच शिकले. घरात पंजाबी वा पुश्तू बोलणारा साधक सूत्रपाठ मात्र यादवकालीन मराठीत मुखोद्गत करी. निरूपण ऐकणाऱ्यांच्या बोलीत आणि मूळ वचन स्वामींच्या भाषेत, अशी वाटणी झाली. महाराष्ट्रात असण्याच्या आज्ञेचे हे निराळेच पालन झाले, असे म्हणता येईल. देहाने साधक सिंधूच्या पलीकडे. वाणीने मात्र गोदेच्या काठी.

१९४७ साली फाळणी झाली. पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतातील आपल्या मंडळींना घरेदारे, देवळे, मठ सोडून यावे लागले. अमृतसर, जालंधर, दिल्ली अशा ठिकाणी ती विखुरली. भिंती उचलून आणता येत नाहीत. जे कंठात होते तेवढेच सोबत आले, आणि त्यावरच मार्ग पुन्हा उभा राहिला. काबुलातील हिंदू व शीख वस्तीही १९९२ नंतरच्या यादवीत बहुतांशी देश सोडून गेली. म्हाइंभटांच्या पोथीवर जे संकट आले होते, तेच सहा शतकांनी उत्तरेतील मार्गावर आले, आणि दोन्ही वेळा तारले ते पाठानेच.

भाषेचा प्रश्न

येथे केशवराज सूरींचा, म्हणजे केशोबासांचा प्रसंग आठवणे अपरिहार्य आहे. संस्कृत जाणणाऱ्या या पंडितांना ग्रंथरचना संस्कृतात करावी असे वाटत होते. आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना निवारले. कारण तसे झाले असते तर मार्गातील म्हाताऱ्या बाया शास्त्रास मुकल्या असत्या. संस्कृत ही त्या काळी देशोदेशीच्या पंडितांची भाषा होती. ग्रंथ संस्कृतात गेला असता तर काशीपासून कांचीपर्यंत वाचला गेला असता. तो प्रसार आचार्यांनी नाकारला आणि जवळच्या, न शिकलेल्या म्हातारीला निवडले.

मग आखाती देशातील नातवंडांनी काय करावे? आचार्यांच्या निर्णयाचा एक अर्थ असा, की शास्त्र मराठीतच असावे. दुसरा अर्थ असा, की जो ऐकणारा सर्वांत दुबळा आहे त्याला कळेल अशा भाषेत सांगावे. बाईंच्या घरात दुबळा श्रोता आजी नव्हे, नातू आहे. त्याला इंग्रजीतून समजावून देणे आचार्यांच्या आज्ञेच्या विरुद्ध नाही. किंबहुना तिच्या हेतूस धरूनच आहे. मात्र समजावणे निराळे आणि मूळ वचनाच्या जागी भाषांतर बसविणे निराळे. पंजाबच्या मंडळींनी हा भेद ओळखला होता. निरूपण नातवाच्या भाषेत करावे, पाठ मात्र स्वामींच्या भाषेत द्यावा. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याने ऐकून पाठ करावे; आपल्या मार्गात कानाने शिकणे नवीन नाही.

ग्रंथाचे परदेशगमन

आपले ग्रंथ आता परदेशी विद्वानांच्या हाती पोचले आहेत, हेही साधकांनी जाणावे. शतकानुशतके ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपलेले होते. इतिहासाचार्य राजवाडे आदी संशोधकांनी त्या लिप्यांची उकल केल्यावर ते महाराष्ट्रासमोर आले. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचून पाठ शोधले. लंडनच्या विद्यापीठात इयान रेसाइड यांनी मार्गाच्या वाङ्मयाचा अभ्यास केला. अमेरिकेतील विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांचा सूत्रपाठावरील ग्रंथ १९८३ साली, श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली, आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्यासह केलेला स्मृतिस्थळाचा अनुवाद १९९२ साली निघाला. २०२४ साली त्यांनीच केलेल्या लीळाचरित्राच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड मूळ मराठीसह प्रसिद्ध झाला. रिद्धपुरासही आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे.

या परिश्रमांविषयी कृतज्ञता असावी. पण येथेच मानाचा धोका उभा राहतो. परदेशी विद्यापीठात आपले ग्रंथ शिकविले जातात, असे आपण अभिमानाने सांगतो आणि आपल्या घरची पोथी मात्र रुमालात बांधलेली राहते. विद्वान ग्रंथ वाचतो तो समजून घेण्यासाठी. ते त्याचे काम, आणि ते तो चोख करतो. साधक वाचतो तो आचरण्यासाठी. पहिल्याचे काम दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही.

नाम पोचले म्हणजे मार्ग पोचला असेही नव्हे. मुरुडच्या टेकडीवर दत्तमंदिर आहे. तेथील मूर्ती त्रिमुखी असून ब्रह्मा, विष्णू व महेश या तिघांचे रूप मानली जाते. लोक श्रद्धेने जातात, त्या श्रद्धेचा अनादर करण्याचे कारण नाही. पण आपल्या शास्त्रातील श्रीदत्तात्रेयप्रभू एकमुखी, पूर्ण परमेश्वरावतार. नाम तेच असून बोध निराळा असू शकतो. म्हणून दूरदेशी नाम नेणाऱ्यावर बोध नेण्याचे दायित्व येते.

निर्णय

आता बाईंच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतील.

पहिला प्रश्न दूरदेशी आचार घडतो काय, हा. आपला सारा आचारधर्मच असन्निधानासाठी सांगितलेला आहे. स्वामी उत्तरापंथे गेल्यावर मागे राहिलेल्यांनी कसे वागावे, याचे ते शास्त्र. सन्निधान नाही म्हणूनच स्मरण आहे. ज्या मार्गाचा आरंभच विरहातून झाला, त्यात दूर असणे हे अपात्रतेचे कारण होऊ शकत नाही. वासनिकास पोटासाठी परदेशी राहावे लागले तर त्याने स्मरण सोडू नये, हिंसा व व्यसन यांपासून दूर राहावे, आणि मायदेशी येणे होईल तेव्हा आप्तांच्या भेटीबरोबर स्थानवंदनही नेमाने करावे. भिक्षुकांनी मात्र देशाची आज्ञा अधिक काटेकोरपणे पाहावी. कारण मानाचा अपाय त्यांनाच अधिक.

दुसरा प्रश्न प्रसाराचा. प्रसार करावा, पण आधी स्वतःस विचारावे, की यात माझे नाव किती आणि स्वामींचे किती? मोठ्या हॉलने काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही. ज्या दिवशी हॉल रिकामा राहील त्या दिवशीही जो एकटा बसून पाठ म्हणेल, त्याने हॉल घ्यावा. ज्याला ते जमणार नाही, त्याने आधी स्वतःच्या घरातील एका मुलास एक लीळा शिकवावी. श्रीचक्रपाणिप्रभूंचा खराटा आठवावा: सेवा आधी, विद्या तिच्यामागून.

तिसऱ्या प्रश्नाचे, भाषेचे, उत्तर वर दिलेच आहे. त्यात बाईंकरिता एक गोष्ट जोडावयाची होती, ती त्यांना तेव्हाच सांगितली. “बाई, पोथी कोण उघडील ही चिंता सोडा. पोथी तुमच्या कंठात आहे. नातवाशी रोज फोनवर बोलता ना? जेवलास का, हे विचारून झाले, की एक लीळा सांगा. तुमच्या शब्दांत नको, पोथीच्या शब्दांत सांगा. अर्थ त्याचा बाप सांगेल, इंग्रजीत सांगो की कशातही सांगो.”

बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “त्याला कंटाळा आला तर?”

“तर दुसऱ्या दिवशी तीच लीळा पुन्हा सांगा. म्हाइंभटांनाही एकेका लीळेसाठी पुनःपुन्हा चालावे लागले होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बाई ओसरीवर बसून फोनवर लीळा सांगत होत्या. मध्येच पलीकडून नातवाने एक शब्द विचारला. बाईंनी तो पुन्हा, सावकाश उच्चारला. मुलाच्या हॉलचे पुढे काय झाले, हे विचारले नाही. साधकाने प्रदेशाच्या टोकाला असावे, असे शास्त्र सांगते. मुरुडची ती ओसरी आपल्या देशाच्या अगदी टोकालाच आहे. तिच्यापुढे पुळण आणि पुळणीपुढे पाणी. तेथून समुद्रापलीकडे जे जात होते ते मूळ शब्दांनिशी जात होते, आणि देणाऱ्या बाईंना त्यात स्वतःसाठी काहीच नको होते.

तात्पर्य, महाराष्ट्रात असणे म्हणजे जेथे स्वामींचे वचन शुद्ध राहते आणि साधकाचा मान वाढत नाही तेथे असणे. एवढे सांभाळून जो जाईल, त्याने कितीही दूर जावे. एवढे सांभाळता येत नसेल, तर त्याने रिद्धपुरी राहूनही आपण कोठे आहोत याचा विचार करावा.